गाडीच्या पोटातली शेगडी

भावोजींची गाडी इतकी लांब होती की तिचं पुढचं चाक वाशीत शिरायचं तेव्हा मागचं अजून तुर्भ्यातच असायचं. आमच्या घरचे हे ऐकून मान हलवतात. हलवू देत. नाक्यावर वळताना मागची बाजू कुठवर आलीय हे बघायला मला खाली उतरून चालत जावं लागे, आणि परत येईपर्यंत दमून चहा प्यावासा वाटे. दमणं हे त्या वर्षी माझं मुख्य काम होतं. बाकी सगळं त्यातून वेळ मिळाला तर.

ऐंशी साल मागे पडून चार-पाच वर्षं झाली होती. भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कांदा-बटाटा बाजारात एका पेढीवर लिहिण्याचं काम करायचे. आम्ही एकाच इमारतीत, आम्ही तळमजल्यावर आणि ते डोक्यावर. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कुठलासा कारखाना उभा करून द्यायला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. भावोजी तिथे टेबलफॅन घ्यायला गेले आणि गाडी घेऊन आले. टेबलफॅन दुसऱ्याच कुणी नेला. बहीण पुढची कित्येक वर्षं उकडायला लागलं की म्हणायची, "जा, गाडीपुढे बसा, वारा घ्या."

भावोजींना गाडी चालवता येत नव्हती. मला येत होती, म्हणजे लायसन होतं. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचं मला काहीच दिसायचं नाही. उजवीकडे बसलेल्या माणसाने बाहेर डोकावून "जा" म्हणायचं आणि मी जायचं. भावोजी उजवीकडे बसले की "जा... नको... जा, अरे नको!" असं सगळं एका श्वासात म्हणायचे. त्यामुळे त्यांना मी मागे बसवायला लागलो.

पुढे उजवीकडे आई बसायची.

आई त्या वर्षी गावाहून पोटात दुखतं म्हणून आली होती. परळच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं, तर पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची वेळ गेली, आता शेक द्यायचे. शेक म्हणजे मशीनच्या किरणांचा, पण इस्पितळातल्या आया आणि पेशंट त्याला शेकच म्हणत. आईला पहिले काही दिवस वाटत होतं की आतल्या खोलीत विटा तापवून ठेवल्या असतील. रविवार सोडून रोज यायचं, डॉक्टरांनी बजावलं, आणि एकदा सुरू केलं की खंड पडता कामा नये. खंड पडला तर दिलेला शेक फुकट जातो.

तेव्हा वाशीत आगगाडी आली नव्हती. बसमध्ये आईला उभं राहवेना. मुंबईचे टॅक्सीवाले खाडीपलीकडे यायचं म्हटलं की असे बघायचे, जणू आम्ही त्यांना अफगाणिस्तानात बोलावतोय. उरली भावोजींची गाडी. मी कारखान्यात साहेबांच्या हातापाया पडून कायमची रात्रपाळी मागून घेतली. पाळी सुटली की घरी यायचं, तोंडावर पाणी मारायचं, आईला पुढे बसवायचं, पूल ओलांडून परळ, तिथे बाकावर बसल्या बसल्या झोपायचं, तिचं झालं की परत. दुपारी घरी झोपायचा प्रयत्न करायचा तर सेक्टरातली सगळी पोरं नेमकी माझ्याच खिडकीखाली क्रिकेट खेळायची. त्या दिवसांत मी उभ्याने झोपलोय, चालताना झोपलोय, एकदा तर साहेबांशी बोलताना झोपलो आणि झोपेतच "होय साहेब" म्हणत राहिलो. साहेबांना त्या दिवशी माझं काम फार आवडलं.

आता पेट्रोलचं सांगतो. गाडीत पेट्रोल भरायच्या झाकणाआड एक पट्टी होती, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. पहिल्याच दिवशी भावोजींनी चष्मा वर करून ती वाचली.

"अनलोडेड फ्युएल ओन्ली."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी अनलोड करायची, मगच फ्युएल. माणसं, सामान सगळं खाली. अमेरिकन शिस्त आहे, आपल्यासारखं नाही."

माझं इंग्रजी भावोजींपेक्षा बरं होतं. पण रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला इंग्रजीतली सगळी गोल अक्षरं सारखीच दिसतात. तेव्हापासून पंपावर गेलो की आम्ही सगळे उतरायचो. आई उतरायची. तिचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, भावोजींची पिशवी, मागची उशी, सगळं काढून पंपाच्या कट्ट्यावर मांडायचो. पंपावरच्या पोरांना वाटायचं आम्ही घर बदलतोय. त्यात त्या टाकीचं तोंड इतकं अरुंद की पंपाची नळी आत जाईना. त्यासाठी रॉकेलचं नरसाळं गाडीतच ठेवलेलं. नरसाळं आई धरायची, कारण मला उभ्या उभ्या डुलकी लागायची.

"तुमची गाडी म्हणजे लहान मूल झालं," ती म्हणायची. "चमच्याने पाजायचं."

सुरुवातीचे दिवस गाडी बरी चालली. मग ती मरगळायला लागली. सपाट रस्त्यावर ठीक, पण पुलाचा चढ आला की धाप लागल्यासारखी हळू हळू व्हायची. बाजूने हातगाडीवाले पुढे जायचे. एकदा एक हातगाडीवाला आमच्या बरोबरीने चालत आईशी गावाकडच्या पावसापाण्याचं बोलत होता, आणि बोलणं संपल्यावर "येतो हां मावशी" म्हणून पुढे निघून गेला. गाडीला नासक्या अंड्यासारखा वासही यायला लागला होता. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर हा वास गाडीचा आहे असं कोण म्हणेल? तिथे प्रत्येक कारखान्याचा आपापला वास होता. बसचे कंडक्टर डोळे मिटून बसायचे आणि वास बदलला की घंटी मारायचे. त्यात आमचं एक अंडं कुणाला जाणवणार!

मग एका सोमवारी पुलाच्या चढाला कडेला घेता घेता गाडी साफ थांबली. मी उतरून खाली वाकलो तर पोटाखाली, सीटच्या बरोबर खाली, एक डबा लालबुंद झालेला, चुलीतल्या इंगळासारखा. त्याखालचं वाळकं गवत पेटायला लागलं होतं. मी आईला ओढून बाहेर काढलं. भावोजींनी तिची पाण्याची बाटली ओतली, मग आपला ताकाचा डबा ओतला. ताकाने आग विझते हे मी त्या दिवशी पाहिलं. कांद्याच्या एका ट्रकवाल्याने गाडी दोराने ओढून परत वाशीला आणून सोडली. त्या दिवशी शेक चुकला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या ओळखीने कुणाची तरी जीप मिळवून आम्ही परळला गेलो. मशीनवरची बाई आईला म्हणाली, "आजी, काल कुठे होता? असं करू नका हो. एखाद दिवस चालतं, पण पुन्हा पुन्हा चुकलं तर आम्ही काही करू शकणार नाही." आई खाली बघत होती, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी. आणि मला समजलं की आता हा सगळा खेळ एका डब्यावर येऊन बसलाय.

गाडी तळवलीच्या एका मेस्त्रीकडे ओढून नेली. हा तिथल्याच गावचा, याच्या आगरी बोलीत गाडीची 'गारी' व्हायची; रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ट्रक दुरुस्त करायचा. त्याच्या मते जगात त्याला न कळणारी गाडी बनलेलीच नव्हती. त्याने इंजिन चालू करायला लावलं आणि मागे गेला.

"शेट, ह्या नळीला हात लावून बगा. वारा येतं?"

"येतोय थोडा."

"थोरा? माजी म्हातारी चुलीन याच्यापेक्षा जोरान फुकते." तो गाडीखाली सरकला. आतून आवाज आला, "ह्यो डबा कनाचा?"

"सायलेन्सर."

"सायलेन्सर मागं हाय. ह्यो दुसराच हाय." बराच वेळ तो खाली पडून होता. मला वाटलं झोपला, आणि मला त्याचा हेवा वाटला. मग बाहेर येऊन त्याने निकाल दिला. "शेगडी हाय ही."

"शेगडी?"

"मंग! तिकरं बरफ परतं. गारी थंडीन आखरून जाते. म्हनून खालशी शेगडी लावतान, मानसांना ऊब. आपल्याला वाशीन कनाला पायजे शेगडी? कापून टाकू, मधी साधा पायप लावू. घोऱ्यासारखी पलंल."

भावोजी पुढे झाले. "कापायचं नाही."

"अवं शेट, जाम झालीय ती. धूर भायेर जात नाय, गारी गुदमरते."

"कंपनीने लावलंय. कंपनी काय वेडी आहे? उद्या चौकशी झाली तर?"

"कोण करणार चौकशी?" मी विचारलं.

"अमेरिका," भावोजी म्हणाले. शेजारच्या बाईंचं नाव घ्यावं इतक्या सहज.

मला हसू आलं, पण हसायलाही ताकद लागते. शिवाय भावोजींचं मला कळत होतं. त्यांच्या घरात कधी कुठली वस्तू अख्खी आलीच नव्हती. सायकल आली ती चुलतभावाची, रेडिओ आला तो झाकण नसलेला, लग्नातला कोट मामाचा. ही गाडी पहिली वस्तू, जिच्यात मूळचं सगळं होतं. राख झाडायची पेटीसुद्धा होती आणि त्यात त्या इंजिनिअरची राखही होती. ती भावोजींनी झाडू दिली नव्हती. 'ओरिजनल' हा शब्द ते तोंडात पेढा ठेवल्यासारखा उच्चारायचे.

मेस्त्रीने कशीबशी काडीने टोचून, ठोकून गाडी चार-पाच दिवस चालेल इतकी मोकळी केली. "पन परत जाम व्हनार," तो म्हणाला. "मंग मला नको सांगू."

पाळी सुटता सुटता मी आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना गाठलं. हे साहेब दिवसाला मोजून चार शब्द बोलायचे आणि त्यातले तीन "दार लावून जा" हेच असायचे. मी त्यांना डब्याचं सांगितलं, झाकणाआडच्या पट्टीचं सांगितलं, आम्ही पंपावर सगळे कसे उतरतो तेही सांगितलं. ते इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. तिथे काम करणारे लोक आत येऊन बघून गेले, साहेब हसतायत म्हणून.

"अनलोडेड नाही रे. अनलेडेड. लेड म्हणजे शिसं. शिसं नसलेलं पेट्रोल."

"आणि तो डबा? शेगडी?"

"धूर साफ करायचा डबा आहे तो. आत उत्प्रेरक असतो. आपल्या रिअॅक्टरमध्ये घालतो तसलाच, धातूचा. धूर त्यावरून गेला की विषारी वायू कमी होतात. पण आपल्या पेट्रोलात शिसं घालतात, आणि शिसं बसलं की उत्प्रेरक मरतो. तुमचा पहिल्या दोन-चार टाक्यांतच मेला असणार. आता नुसता बूच होऊन बसलाय."

"मग शिसं नसलेलं पेट्रोल कुठे मिळतं साहेब?"

"अमेरिकेत," साहेब म्हणाले. "दार लावून जा."

मी बाहेर आलो. समोर रस्त्यावर त्या सकाळी पिवळसर धूर उतरला होता, शेजारच्या कारखान्याचा. पलीकडच्या चिमणीतून वेगळाच, जांभळट. आणि या सगळ्याच्या मधून आमची एक गाडी रोज धूर गाळून सोडायच्या इच्छेने चालत होती. मला त्या डब्याची कीव आली. इतक्या लांबून येऊन, इतक्या चांगल्या हेतूने, पहिल्याच आठवड्यात मेला बिचारा. आणि आम्ही नरसाळ्याने त्याच्या तोंडात विष ओतत होतो, तेही रांगेत उभे राहून, शिस्तीत.

संध्याकाळी भावोजी खाली आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे चांगली वस्तू आहे. मग तर काढायची नाहीच."

"अहो, मेलीय ती!"

"मेली तरी गाडीचीच आहे. धूर साफ करायला लावलीय ना? काढली आणि उद्या तुझ्या आईलाच त्या धुराचा त्रास झाला तर?"

"आत्ताही धूर साफ होत नाहीये. आत्ता फक्त अडतोय."

"कशावरून? तुझे साहेब गाडीखाली जाऊन आले का?"

"साहेब रोज तेच काम करतात, भावोजी!"

"ते कारखान्याचं. ही अमेरिकन आहे."

आमचा आवाज चढला. मला वाटतं तो पनवेलपर्यंत गेला असेल. बहीण वरून जिन्यावर येऊन उभी राहिली. आतल्या खोलीतून आई भिंत धरत आली आणि खुर्चीवर टेकली. शेकामुळे तिची कंबर भाजल्यासारखी काळी पडली होती, बसतानाही ती आधी हात टेकवून बघायची.

"काय काढायचंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "गाडीची शेगडी."

"ती काम करते का?"

"नाही."

"वाटेत येते?"

"हो."

"मग बसलायत कशाला?"

भावोजी हळू आवाजात म्हणाले, "आई, पण ती मुळातली आहे. देणाऱ्याने विचार करूनच दिली असेल."

आई त्यांच्याकडे वळली. "जावईबापू, माझी गर्भाची पिशवी पण मुळातलीच होती. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, काढून टाका, पुढे त्रास देईल. त्याला आता किती वर्षं झाली. ह्यांनी आणि माझ्या थोरल्या दिरांनी अंगणात बसून ठरवलं, देवाने दिलेली वस्तू, काढायची नाही. दोघे असंच बोलत होते, तुमच्यासारखं. मी आत भाकऱ्या थापत होते. मला कुणी विचारलं नाही." ती थांबली. "तुम्ही गाडीला विचारलंत का?"

भावोजी हसायला गेले आणि मधेच राहिले.

"मला उद्या जायचंय," आई म्हणाली. "परवा पण जायचंय. तेवढं बघा." आणि ती भिंत धरत आत गेली.

त्या रविवारी शेकाला सुट्टी. भावोजी स्वतः तळवलीला आले. मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तरी चालेल. ते म्हणाले, माझी गाडी आहे. मेस्त्रीने गॅसवर डबा कापायला घेतला तेव्हा मात्र ते पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, घरातलं कुणी आत ऑपरेशनच्या टेबलावर असल्यासारखे. डबा निघाला. मेस्त्रीने डब्याच्या तोंडाशी टॉर्च धरला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं होती. एका बाजूला ती वितळून दगड झाली होती, दुसऱ्या बाजूला राखाडी थर बसला होता.

"बगा," मेस्त्री फुशारला, "कोलसा! मी सांगला व्हता ना, शेगडी हाय."

"उत्प्रेरक आहे तो," मी म्हटलं.

"तेच तं. शेगडीच."

त्याने मधे पाण्याच्या पाइपाचा तुकडा बसवला आणि इंजिन चालू केलं. तो आवाज! घणसोली गावातली कोंबडी त्या दिवशी दुपारीच आरवली, आणि खाडीतले बगळे उडाले ते उरणला जाऊन बसले. मेस्त्रीने मागे हात धरला आणि त्याची टोपी उडाली. "आता येतं वारा," तो म्हणाला. भावोजींनी डबा कांद्याच्या पोत्यात गुंडाळला आणि घरी नेला. बहीण म्हणाली, हे घरात नको. तो त्यांच्या पलंगाखाली कितीतरी वर्षं होता. 

गाडी पुलावर चढली. चढली म्हणजे काय, आईला हाताने डॅशबोर्ड धरावा लागला. मागून काळा धूर निघत होता का, हे मी आरशात बघायचं टाळलं. मागच्या सीटवरून भावोजी काच उघडून बघायचे आणि परत लावायचे. एकदा मानखुर्दच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल लावला. भावोजी त्याला हात जोडून म्हणाले, "सॉरी हां." मला ते ऐकून वाईट वाटलं. पण मी वाईट वाटायलाही पुरा जागा नव्हतो. ते उसनं ठेवलं आणि गाडी पुढे काढली.

त्यानंतर शेक चुकला नाही. पंपावर आई गाडीतच बसून राहायची, आणि पंपावरची पोरं विचारायची, "मावशी, आज उतरणार नाय?" पाऊस आला, पुलावर पाणी उडालं, माझी पाळी दोनदा लांबली. आई दिवसेंदिवस हलकी होत गेली आणि तिला आत-बाहेर उचलून ठेवायला मला सोपं जाऊ लागलं. हे मला आवडत नव्हतं. शेवटच्या शेकाच्या दिवशी मशीनवरच्या बाईने तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "पुरे झाले आजी, सगळे झाले. आता तीन महिन्यांनी या." आई गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "झाले म्हणे." जणू कुणा दुसऱ्याबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून घरी आलो, तोंडावर पाणी मारलं, शर्ट बदलला, गाडीची किल्ली घेतली आणि दारात उभा राहिलो. आई स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारत होती. कितीतरी दिवसांनी ती स्वतः उठून स्टोव्हपाशी बसली होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"कुठे निघालास?"

मी किल्लीकडे बघितलं.

"आज कुठे जायचं नाही रे," ती म्हणाली. "उद्या पण नाही. चहा घे आणि पड."

चहा व्हायच्या आधीच मी पडलो. घरचे सांगतात की दोन दिवस उठलो नाही. ते काहीही सांगतात. पण चहा दारापाशी झाकून ठेवलेला होता आणि उठलो तेव्हा त्यावर साय धरली होती, हे खरं आहे.